डावीकडचा जाधव

काटकर काकांची आणि माझी ओळख भिंतीतून झाली. आयर्लंडमधल्या ट्रली गावातली आमची घरं खांद्याला खांदा लावून उभी, मधली भिंत एकच. अलीकडे मी, पलीकडे त्यांची मुलगी, डॉक्टर सुनीता काटकर. सुनीता हॉस्पिटलात भूल द्यायची आणि मी तिथल्याच लॅबमध्ये होते. २०२० सालचा तो मार्च-एप्रिल कसा गेला हे लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला विचारू नये. रात्रभर नमुने तपासून सकाळी घरी यावं, पडदे ओढावेत, डोळे मिटावेत, की भिंतीतून आवाज सुरू. बासरीला सर्दी झाली तर ती जशी वाजेल तसा. तीच एक ओळ, पुन्हा पुन्हा, न थकता.

दोन-तीन सकाळी सोसलं आणि मग गाउनवर जाकीट चढवून शेजारची बेल वाजवली. दार उघडलं ते एका ठेंगण्या, रुंद मानेच्या, पासष्टीच्या गृहस्थांनी. मिशी कातरलेली, पँटला इस्त्री, आणि घरातल्या घरात पायात चकाकणारे काळे बूट. मी भांडायच्या तयारीने गेले होते. रात्रपाळी करून येते, झोप होत नाही, एवढंच म्हणाले असेन, तर ते टाचा जुळवून ताठ उभे राहिले.

“चुकलं. ड्यूटीवरच्या मानसाची झोप मोडली. परत व्हनार न्हाई.”

आता यावर काय भांडणार? उलट मलाच ओशाळल्यासारखं झालं. पण खरा ताप पुढेच होता. दर रविवारी कुंपणापलीकडून प्रश्न यायचा, “मॅडम, हा आठवडा नाइट का डे?” मी सांगायचे, आणि त्याबरहुकूम त्यांचा सराव मागेपुढे व्हायचा. शिस्त अशी की घड्याळ लावावं. पण मग मीही शिस्तीत झोपायला हवं होतं. सकाळी उठून पाणी प्यायले, तरी संध्याकाळी चौकशी होई: सकाळी नळ कशापायी चालू होता, झोप झाली नाही का? मला झोपवण्याची जबाबदारी पलटणीने त्यांच्यावर टाकल्यासारखे ते वागत.

पलटण म्हणजे पायदळाची. काका साताऱ्याकडच्या अशा गावचे, जिथे घरटी एक माणूस फौजेत. पोरवयात भरती झाले, छाती बघून त्यांना पाइप बँडमध्ये घातलं, आणि अख्खी नोकरी त्यांनी बॅगपाइप वाजवण्यात काढली. हवालदार म्हणून निवृत्त झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलीकडे तीन महिन्यांसाठी म्हणून फेब्रुवारीत आले, मार्चमध्ये विमानं थांबली, आणि परवानगीची मुदत वाढत वाढत दीड वर्ष निघालं. पाइप पलटणीचा असतो, निवृत्त होताना जमा करावा लागतो. स्वतःचा म्हणून त्यांच्याकडे फक्त सरावाचा चँटर होता, म्हणजे पिशवी नसलेली नुसती नळी. माझी झोप मोडणारी ती हीच.

माणसाची पारख ते दमावरून करत. दम म्हणजे छातीतला श्वास, बाकी काही नाही. टीव्हीवर आरोग्यमंत्री बोलायला लागला की काकांचं लक्ष तो काय बोलतो याकडे नसे, कळतही नसे. वाक्याच्या मध्ये तो श्वास कुठे घेतो तेवढं ते बघत. “ह्याचा दम कच्चा हाय, ह्यो टिकत न्हाई,” असं एकदा म्हणाले. सुनीताचा नवरा कॉर्कला नोकरीला, शनिवार-रविवार यायचा; त्याच्याबद्दल लग्नाआधी काकांचं मत काय होतं असं मी विचारलं, तर म्हणाले, जिना चढून आला तरी धापत न्हवता, म्हणून हो म्हटलं.

तेव्हा घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती. काकांनी नकाशावर ती हद्द मुलीकडून काढून घेतली होती. रोज सकाळी ते त्या हद्दीपर्यंत जात, तिथे एका विजेच्या खांबाला हात लावत, मागे फिरत. पाऊस असो, वारा असो. आमच्या केरी जिल्ह्यात या दोन्हींपैकी एक नसेल असा दिवस क्वचितच येतो. वाटेत भेटणारी माणसं त्यांना काही ना काही म्हणत, आणि काका सगळ्यांना “ग्रँड”, म्हणजे इथल्या बोलीत ‘छान’, असं उत्तर देत. इंग्रजी तेवढ्यावर बरं चाललं होतं.

नोरीन आमच्या आयुष्यात आली ती कुत्र्यामागून. पन्नाशीची, उंच, शाळेत भूगोल शिकवणारी बाई. कुत्र्याला फिरवताना तिला काकांच्या खिडकीतून चँटर ऐकू आला आणि ती फाटकाशी थांबली. ट्रलीजवळच्या एका छोट्या पाइप बँडची ती पाइप मेजर, म्हणजे म्होरकी. काका वाजवत होते ती चाल तिच्या ओळखीची होती, कारण आपल्या फौजेचे निम्मे मार्च मुळात इकडूनच, आयर्लंड-स्कॉटलंडातून गेलेले. तिने फाटकाबाहेरून ती चाल गुणगुणली. काका बाहेर आले, आणि ही बाई पाइप मेजर आहे हे सुनीताने सांगताच पुन्हा एकदा टाचा जुळल्या.

दुसऱ्या दिवशी नोरीनने गाडीतून बँडचा एक जादा पाइप आणला, आमच्या बागेच्या कठड्यावर ठेवला आणि नियमाप्रमाणे लांब जाऊन उभी राहिली. काकांनी तो उचलला, खांद्यावर टाकला, फुंकला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. तीन नळ्या घुमायला लागल्या, आमच्या खिडकीची काच थरथरली, पलीकडच्या घरातली पोरं बाहेर आली, आणि अर्ध्या चालीतच काका चक्कर येऊन गवतावर बसले. सुनीता नाडी बघायला धावली. ते हात झटकत म्हणाले, मला काय झालेलं न्हाई, पिशवी मोठी हाय.

पिशवीवरून त्यांचं आणि नोरीनचं पुढे बरेच दिवस चाललं होतं. काकांच्या काळात पिशवी कातड्याची असे. तिच्यातून हवा गळू नये म्हणून आतून गुळाचं पाणी पाजावं लागे. नोरीनची पिशवी आधुनिक कापडाची, तिला काहीच लागत नाही. हे मी त्यांना परोपरीने समजावलं. तरी एकदा ते भारतीय दुकानातून आणलेली गुळाची ढेप घेऊन बसलेले सापडले. “जी पिशवी खात न्हाई, ती टिकंल कशी?” असा त्यांचा सवाल. नोरीनला मी भाषांतर करून सांगितलं. ती गंभीरपणे म्हणाली, माझा आजोबा हेच म्हणायचा, पण तो व्हिस्की पाजायचा. त्यानंतर काकांचं तिच्याबद्दल फार चांगलं मत झालं.

पुढे नियम सैल झाले आणि शाळेच्या पार्किंगमध्ये, एकमेकांपासून लांब लांब उभं राहून, बँडचा सराव सुरू झाला. काका त्यात गेले. दुभाषी म्हणून मला जावं लागलं, कारण सुनीताला सुट्टी मिळायची मारामार. काका कसे वाजवत? मला त्यातलं काही कळत नाही. नोरीनचं म्हणणं, सूर पक्का, हवेचा दाब एकसारखा, पण हा माणूस दिल्लीला पायी निघाल्यासारखा वाजवतो. सगळं एकाच चालीत, एका पावलात. नाचाची चाल दिली तरी तिचा मार्च होऊन बाहेर यायची. हे मी सौम्य करून सांगितलं. त्यांना ते न सांगताच कळलं होतं, ते हसले.

त्या हिवाळ्यात पुन्हा सगळं बंद झालं. मग एकट्या वादकांसाठी व्हिडिओवरची एक स्पर्धा निघाली. अट अशी की एका दमात चित्रित करायचं, कापाकापी नाही, आणि वादकाची बोटं सतत दिसली पाहिजेत. काकांनी नाव द्यायचं ठरवलं. मला आश्चर्य वाटलं, पण मोबाइल धरायचं काम माझ्याकडे आल्यामुळे आश्चर्याला फार वेळ मिळाला नाही. घरांसमोरच्या हिरवळीवर कॅमेरा लावला. काकांनी सुरुवात केली आणि सरळ चालत चौकटीबाहेर निघून गेले. मागे नुसती हिरवळ आणि लांब लांब जाणारा आवाज. बऱ्याच वेळाने आवाज वाढला आणि काका दुसऱ्या बाजूने आत आले.

एका जागी उभं राहून वाजवा, मी म्हटलं. त्यांना ते पटेना. उभ्यानं वाजवायचा तर त्याला मार्च कशाला म्हणायचं? शेवटी मी मोबाइल धरून त्यांच्यासमोर उलटी चालत निघाले. पाच-पन्नास पावलं झकास गेली, आणि मग कुणाच्या तरी पोराच्या आडव्या पडलेल्या सायकलवरून मी पाठीवर पडले. काका थांबले नाहीत. मला वळसा घालून, पाऊल न चुकवता पुढे गेले, टोकाला जाऊन मागे वळले, चाल पुरी केली, आणि मगच धावत आले. त्या व्हिडिओत पुढचं सगळं आकाश आहे आणि त्यावर व्यवस्थित वाजणारा मार्च.

“तुमी पडला ते बगितलं मी,” ते मला उठवताना म्हणाले. “पन मधी थांबता येत न्हाई.”

माझं मनगट सुजलं. सुनीताने पट्टी बांधली आणि वडिलांना म्हणाली, “आबा, आता पुरे. हॉस्पिटलात आधीच माणसं कमी आहेत, त्यात आणखी एक जायबंदी नको.” स्पर्धेची मुदत निघून गेली.  पुढचे दोन दिवस भिंतीतून आवाज आला नाही, आणि ज्या शांततेसाठी मी भांडायला गेले होते तीच मला बोचायला लागली. मागच्या पायरीवर ते एकटे बसलेले दिसले तेव्हा मी चहाचा कप घेऊन कुंपणाशी गेले आणि चेष्टेने म्हटलं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, मोबाइलवरची तर स्पर्धा. बक्षीस म्हणून फार तर कॉफीचा मग मिळाला असता.

त्यांनी हातातला स्टीलचा पेला पायरीवर ठेवला. मग सांगू लागले. पलटणीच्या वर्धापनदिनाला दरवर्षी किल्ल्याच्या बुरुजावर एकटा पाइपर उभा करत. खाली सगळी पलटण, साहेब लोक, त्यांच्या मेमसाहेब, आणि वर एकटा माणूस. ते काम दरवर्षी जाधवकडे. जाधव म्हणजे त्यांच्याच तालुक्यातला, बरोबर भरती झालेला दोस्त. काकांना हेवा वगैरे नव्हता, जाधव वाजवायचाच तसा. पण काका कधी एकटे वाजवायला उभे राहिलेच नाहीत. एकदाही नाही.

“बँडमधी चुकलं तर कळतं, मॅडम. लगीच कळतं. पन बरोबर आलं तर कुनाचं आलं, ते कुनाला कळत न्हाई. सारी हयात वाजवलं, आन् मी वाजवतो कसा ते मला म्हाईत न्हाई. ज्याला कळतं असा कुनीतरी एकदा बसावा, माझ्या एकट्याचं ऐकावं, आन् सांगावं. बरं म्हनू दे न्हाईतर वाईट.”

मला तेव्हा गलबलून आलं. त्यांना मी तसं दाखवलं नाही, पण त्या संध्याकाळी त्यांचं बोलणं नोरीनला फोन करून सांगितलं.

नोरीन भावनेत वगैरे वेळ घालवणारी बाई नाही. पुढच्या उन्हाळ्यात मैदानावरची स्पर्धा होईलच, ती म्हणाली, बँडचीही आणि एकट्यांचीही. याला आतापासून तयार करू. एकट्यांच्या स्पर्धेला चार भागांचा मार्च लागतो. काकांचे फौजेतले बहुतेक मार्च दोन भागांचे, चारवाले दोन-तीनच. तिने त्यातलाच एक निवडला, जो त्यांनी बँडमध्ये शेकडो वेळा वाजवला होता. ती त्यांच्याशेजारी उभी राहून वाजवायची, काका तिच्याबरोबर वाजवायचे, आणि सगळं सुरळीत चाललं होतं.

मधे भारतातली ती दुसरी लाट आली. काका रोज जाधवला व्हिडिओवर फोन करत. जाधवला ताप आला होता. बाकीची माणसं आजाऱ्याला कसं वाटतंय विचारतात, काका म्हणत, “फुंक मार. बघू दम किती चालतो.” आणि पलीकडे तो म्हातारा तोंडावरची गोधडी बाजूला करून खरोखर फुंक मारे. काका मनातल्या मनात मोजत. एके दिवशी फोन ठेवून ते माझ्याकडे आले आणि एवढंच म्हणाले, दम वाढला. त्या दिवशी सुनीताकडे शिरा झाला.

मे महिन्यात पार्किंगमधल्या सरावाला नोरीनला यायला उशीर झाला. काकांनी एकट्यानेच मार्च सुरू केला. पहिला भाग झाला, दुसरा झाला, आणि तिसऱ्याच्या तोंडाशी ते अडखळले. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. नोरीन आली, डाव्या बाजूला उभी राहिली, आणि चाल नदीसारखी वाहिली. नोरीनने जागा बदलली आणि उजवीकडे गेली. काका पुन्हा अडले.

तिने मला बोलावून सांगितलं, त्याला विचार, भाग बदलताना तो डावीकडे कुणाला बघतो? काका म्हणाले, कुनाला न्हाई. आम्ही त्यांना व्हिडिओ काढून दाखवला. मान हलत नव्हती, फौजी मान ती, पण डोळे बरोबर तिसऱ्या भागाआधी डाव्या कोपऱ्यात जाऊन परत येत होते. काकांनी तो दोनदा पाहिला. मग खाली बसले आणि म्हणाले, “जाधव.”

रांगेत जाधव कायम त्यांच्या डावीकडे. नजर समोर ठेवून डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याची बोटं दिसायची. आपण त्यांच्यावरून पुढचा भाग उचलत होतो हे काकांना स्वतःला कधी कळलंच नव्हतं. इतक्या वर्षांत कळायची वेळच आली नव्हती, कारण जाधव कधी गैरहजर नसे.

नोरीनने यावर तोडगा काढला तो मास्तरणीचाच. तिने काकांना शाळेच्या भिंतीला डावा खांदा लावून उभं केलं. डावीकडे बघितलं तर विटा. थोडे दिवस डोळे विटांवर जाऊन फसून परत आले, आणि मग चाल बसली. चारही भाग, एकट्याने, भिंतीशी. काका इतके खूश झाले की बूट पुसायच्या कापडाने त्यांनी ती भिंतही पुसली असती.

ऑगस्टअखेर लिमरिकच्या पलीकडे एका गावच्या मैदानात स्पर्धा भरली. काकांचं परतीचं तिकीट पुढच्या महिन्याचं निघालं होतं, म्हणजे संधी ही एवढीच. एकट्यांच्या स्पर्धेत नोरीनने त्यांचं नाव नवशिक्या प्रौढांत घातलं होतं, कारण ज्याने आधी एकट्याने बक्षीस मिळवलेलं नाही तो नवशिका, असा नियम. “नवशिका,” काका गाडीत दोनदा स्वतःशी म्हणाले. त्यात पोशाखाला किल्ट, म्हणजे तो चुण्यांचा घागरा. फौजेत त्यांचा बँड पँट घालायचा. घरून निघताना त्यांनी गुडघ्यांकडे बघितलं, सुनीताकडे बघितलं, आणि गावाकडच्या ग्रुपवर फोटो गेला तर तुझं नि माझं नातं संपलं, असं तिला बजावलं.

सुनीताला शेवटच्या क्षणी ड्यूटीवर बोलावलं, म्हणून मैदानात मीच होते. एकट्यांची स्पर्धा सकाळी, बँडची दुपारी. परीक्षक एका छोट्या तंबूत टेबलाशी बसले होते, टोपी घातलेले, सत्तरी ओलांडलेले, कॉर्कचे. वादकाने समोरच्या गवतावर कुठे वाजवायचं ते दोऱ्या लावून आखलं होतं. काका आत गेले. तंबू नेमका त्यांच्या डावीकडे होता. हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

पहिला भाग सुरेख गेला. दुसराही. मला संगीत कळत नसलं तरी दीड वर्ष भिंतीतून ऐकून तो मार्च पाठ झाला होता. तिसऱ्याच्या तोंडाशी काकांचे डोळे डावीकडे गेले. तिथे भिंत नव्हती, माणूस होता. परीक्षक खाली मान घालून काही लिहीत होते, त्यांनी नेमकं तेव्हाच वर पाहिलं. आणि काकांनी दुसरा भाग पुन्हा वाजवला. मग तिसरा, मग चौथा, स्वच्छ, ठाशीव, शेवटपर्यंत. आवाज कापल्यासारखा एकदम थांबवला, सलाम ठोकला आणि बाहेर आले. त्यांना कळलं होतं. चेहरा बघून मला जवळ जायचं धैर्य होईना.

नंतर परीक्षक स्वतः उठून आमच्याकडे आले. तसे ते येत नसत, पण कुणीतरी त्यांना सांगितलं असावं की हा माणूस लांबून आला आहे. ते बोलले आणि काका मला म्हणाले, “गोड करू नका, मॅडम. जसंच्या तसं सांगा.”

मी जसंच्या तसं सांगितलं. सूर उत्तम, बोटं साफ. पण एक भाग जास्त झाला, त्यामुळे नंबर देता येत नाही.

“ते झालं. पन मी वाजवतो कसा, ते इचारा.”

मी विचारलं. म्हाताऱ्याने टोपी मागे सरकवली. प्रामाणिक माणूस होता. म्हणाला, ते मला सांगता येणार नाही. हा गृहस्थ कुणाची तरी वाट बघत वाजवत होता. त्याचं एकट्याचं वाजवणं मला अजून ऐकायलाच मिळालेलं नाही. पुढच्या वर्षी या म्हणावं.

तेही मी जसंच्या तसं सांगितलं. काकांनी मान हलवली, परीक्षकांना “ग्रँड” म्हणाले, आणि गाडीमागे जाऊन डिकीच्या कडेवर बसले. पुढचं वर्ष नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही, मोबाइल मागितला. जाधवला फोन लावून द्या म्हणाले.

भारतात संध्याकाळ झाली होती. जाधव अंगणात बाजेवर बसलेला दिसला, तापातून उठलेला, दात नसलेला. आधी त्याला काकांचा पोशाख दिसला आणि तो खोकला येईस्तोवर हसला. काकांनी हसू दिलं. मग म्हणाले, “तुझ्यापायी गेलं आज. समद्यांसमोर चुकलो. तिसऱ्या भागाला तू लागतोस मला, हे मला आदी का सांगितलं न्हाईस?”

जाधवला काही समजेना. काकांनी डावीकडचं सगळं सांगितलं, भिंतीसकट. पलीकडे तो म्हातारा तोंड उघडं टाकून ऐकत होता.

“माझं बगत व्हतास?” तो शेवटी म्हणाला. “येड्या, मी तुझं बगत व्हतो. मला तिसरा भाग कदी आला? बुरजावर वाजवताना तुला खाली समोर का उभा करत व्हतो मी? तुझी बोटं चालायची हातातल्या काठीवर, आपसूक. ती बगून मी वर वाजवायचो. साहेब टाळ्या मला द्यायचं.”

 जाधवला वाटलं फोन तुटला, तो “हॅलो, हॅलो” करत राहिला.

“खरं बोलतोस?”

“आईशप्पत. आता मरताना खोटं कशाला बोलू?”

“तू कुठं मरतोयस,” काका म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. डोळे पुसले. रुमालाची घडी घालून तो मोज्यात खोचला. मग उठले, किल्टच्या चुण्या सारख्या केल्या, आणि मला म्हणाले, “मॅडम, एक काम करा. त्या साहेबांना सांगून या.”

“काय सांगू?”

“जाधव काय म्हनला ते.”

नोरीन हात करून बँडला बोलावत होती. काका पाइप काखेत मारून तिकडे गेले. मी तंबूकडे गेले. परीक्षक सँडविच खात होते. मी आधी माफी मागितली, मग सगळं सांगितलं: रांग, बुरूज, काठीवरची बोटं. सांगताना मलाच ते वेडगळ वाटत होतं, कारण निकाल त्याने बदलणार नव्हता आणि मी तो बदलून मागतही नव्हते. त्यांनी सँडविच कागदावर ठेवलं आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“आणि हा जाधव,” त्यांनी विचारलं, “तो कसा वाजवायचा?”

“त्यांच्या सगळ्या पलटणीत त्याच्यासारखा कुणी नव्हता म्हणतात. दरवर्षी एकट्याने वाजवायला त्यालाच उभं करायचे.”

“मग झालं तर,” म्हातारा म्हणाला. “बोटं याचीच होती ना? सांग त्याला.”

मी धावत परत आले तोवर बँड मैदानात गेला होता. त्यांनी गोल केला होता, सगळे आतल्या बाजूला तोंड करून, सगळ्यांचे पोशाख सारखे, आणि माझ्या बाजूला नुसत्या पाठी. इतकी चांगली बातमी हातात असून ती सांगता येत नाही, याचा मला खूप राग आला. नोरीनने पाऊल आपटलं आणि सगळे पाइप एकदम सुरू झाले. काका कुठले ते पोटऱ्यांवरून ओळखावं लागलं. गोलात त्यांच्या डावीकडे शहरातल्या बँकेत काम करणारी एक बाई होती, नवीनच आलेली. काकांची मान अगदी सरळ समोर होती. तिची मान त्यांच्या बोटांकडे वळलेली होती.